हेल्मेट नको म्हणू नका, भिकार हेल्मेट नको म्हणा!

काल सिग्नलला शेजारी एक काका थांबले होते. डोक्यावर वाटीएवढी टोपी, पट्टा कानाशी लोंबतोय. पुढच्या चौकात मामा दिसले तसा काकांनी पट्टा हनुवटीखाली हातानं धरला. चौक संपला, पट्टा सोडला. आपल्या पुण्याचं हेल्मेटधोरण म्हणतात ते हेच. डोकं वाचवायचं नाही, पावती वाचवायची.

१ जानेवारी २०१९ पासून शहरात सक्ती कडक झाली तेव्हा केवढी आंदोलनं झाली ते आठवत असेलच. मान दुखते, घाम येतो, हॉर्न ऐकू येत नाही, चष्मा घालता येत नाही. मी या लोकांची टिंगल करणार नाही, कारण दहा वर्षं मीही हीच कारणं सांगत होतो. आणि ती खोटी नव्हती. फक्त ती हेल्मेटबद्दल नव्हती, माझ्या भिकार हेल्मेटबद्दल होती. गाडी घेतली तेव्हा शोरूमनं एक हेल्मेट हातात कोंबलं. साइज विचारली नाही. पुढचं मी स्वतः घेतलं, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, एक नंबर मोठं घ्या, मोकळं बसतं." मोकळं बसलं खरं. वाऱ्यानं मागे उडायचं, त्याला सावरताना मान दुखायची, आणि दोष मी हेल्मेटला द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी मॉड्युलर घेतलं. म्हणजे दिसायला पूर्ण बंद हेल्मेट, पण बटण दाबलं की हनुवटीचा भाग वर उचलता येतो. चष्मा न काढता डोक्यात जातं, पेट्रोल पंपावर तोंड उघडं करून बोलता येतं, टपरीवर चहासुद्धा पिता येतो. रोज हडपसर ते हिंजवडी जातो-येतो, मान शाबूत आहे.

पण घेताना डोळे उघडे ठेवा. टेप घ्या, भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. ते अस्तर वापरून थोडं सैल होतंच. कपाळावर एकाच जागी ठणका लागला तर मात्र ते तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, ठेवून द्या. दुकानात पंधरा मिनिटं घालून बसा, लाजू नका. पट्टा लावून मागच्या बाजूनं वर ढकलून पाहा. निघून आलं तर अपघातातही निघेल.

मॉड्युलरचा जीव त्याच्या कुलपात असतो. हनुवटीचा भाग अडकवणारी खिटी धातूची आहे का, विचारा. दहा वेळा उघडझाप करा, खुळखुळ वाजलं तर नको. अस्तर काढून धुता येतंय ना, बघा. एप्रिल-मेमध्ये आरामाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पावसाळ्यासाठी काचेला वाफ न धरू देणारी पिनलॉक पट्टी बसते का, तेही विचारा.

आता तोटे, कारण मी काही विकायला बसलेलो नाही. सांधे आणि कुलूप आलं की वजन वाढतं. बरीच मॉड्युलर दीड किलोच्या पुढे जातात, वाऱ्याचा आवाजही जास्त. चष्मा नसेल, सारखं थांबायचं नसेल, तर त्याच पैशात चांगलं फुलफेस येतं, तेच घ्या. आणि हनुवटी वर करून गाडी हाणणाऱ्यांनो, ती टोपी नाही! युरोपच्या ईसीई चाचणीत 'पी' आणि 'जे' अशी दोन अक्षरं असतात. 'पी' म्हणजे बंद असताना हनुवटीचं संरक्षण, 'जे' म्हणजे उघडं वापरायला मान्य. दोन्ही अक्षरं नसतील तर उघडं ठेवून चालवणं म्हणजे जबडा देवाच्या भरवशावर सोडणं.

"एवढे पैसे?" असं विचारणाऱ्यांच्या खिशात पंचवीस हजारांचा मोबाईल असतो, त्याला काचही असते आणि कव्हरही. हेल्मेट नीट वापरलं तर चार-पाच वर्षं जातं. हिशेब तुम्हीच करा. फक्त एकदा जोरात आपटलं की बाद समजा, वरून चरा दिसो न दिसो. आतला थर्माकोल एकदाच मार खातो.

खरा राग मात्र सरकारवर आहे. आयएसआय खूण नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं १ जून २०२१ पासून बेकायदा आहे. तरी रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली ढिगानं मिळतात, आणि त्याच रस्त्यावर पुढे पावत्या फाडल्या जातात. विकणाऱ्याला कुणी हात लावत नाही, घालणाऱ्यालाही "हे कसलं हेल्मेट" असं कुणी विचारत नाही. वर जीव वाचवणाऱ्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी! सक्ती करायची तर दर्जाचीही करा. आधी दोरी उतरवा, मग पावती फाडा.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि त्यात मागे बसलेलेही १४ हजारांवर होते. म्हणजे कुणाची तरी बायको, कुणाची आई. स्वतःसाठी महागडं घेऊन मागे बायकोला ओढणी गुंडाळून बसवणाऱ्या शूरवीरांनी हा आकडा दोनदा वाचावा.

हेल्मेटला विरोध करायचाय? जरूर करा. फक्त आधी एकदा मापाचं, धड हेल्मेट महिनाभर घालून बघा. त्यानंतरही नको वाटलं तर सांगा, मोर्च्यात मीही येतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण पट्टा लावून.