पाडवीची पदवी, वळवीचा वलवी : मराठी कीबोर्ड कोणता शिकायचा?

आज ना पपईच्या भावावर लिहितोय, ना पालिकेच्या गटारीवर. आज लिहितोय कीबोर्डवर. विषय किरकोळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या पोरांच्या दाखल्याशी त्याचा संबंध आहे.

आपल्याकडे हल्ली मराठी टाइप करायची सर्रास पद्धत म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मशीनने मराठी करून द्यायची. मोबाईलवर तेच, कॉम्प्युटरवरही तेच. गप्पा मारायला ठीक आहे. पण इंग्रजीत 'पी-ए-डी-व्ही-आय' दाबलं की मशीनसमोर तीन शब्द उभे राहतात : पाडवी, पडवी आणि पदवी. एक आडनाव, एक घराची ओसरी आणि एक कॉलेजची डिग्री. तिन्ही खरे शब्द, त्यामुळे लाल रेघ येतच नाही. घाईत जो पहिला दिसला त्यावर बोट पडतं. वळवीचंही तसंच. इंग्रजीत ल आणि ळ ला एकच अक्षर, म्हणून वळवीचा 'वलवी' होतो. ज्या जिल्ह्यात पाडवी आणि वळवी ही घरोघरची आडनावं आहेत, तिथे ही गंमत राहत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक, जातीच्या दाखल्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. मग प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प, धडगाव-मोलगीच्या पोराची बुडालेली मजुरी आणि अडकलेली शिष्यवृत्ती. चूक एका अक्षराची, हेलपाटे चार.

दुसरी पद्धत टायपिंग क्लासवाल्यांची, म्हणजे जुन्या टाइपरायटरची, रेमिंग्टन. ती वाईट नव्हती, ती यंत्रासाठी होती. खिळे मोजके, म्हणून अर्धं अक्षर मारायचं आणि कानाचा दांडा वेगळा जोडायचा. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून मारायचीही आधी, मग अक्षर. तीस-चाळीसच्या स्पीडने हात बसलेले आपले जुने टंकलेखक, कोर्टाबाहेरचे अर्ज लिहिणारे, यांना मी सलाम करतो. त्यांनी पन्नाशीत हात बदलावा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण गोदरेजने टाइपरायटर बनवणं बंद करून दीड दशक उलटलं. यंत्र गेलं, खिळे गेले, आणि त्या खिळ्यांची अडचण मात्र आपण अठरा वर्षांच्या पोरीला फी घेऊन शिकवतोय. बरं, त्यासोबत जुने फॉन्टही येतात. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. बातमी म्हणून आलेली अशी फाईल माझ्या मोबाईलवर उघडली की नुसता कचरा दिसतो. शोधायला गेलं तर गावाचं नाव सापडत नाही. अशी दहा वर्षांची कागदपत्रं असून नसल्यासारखी.

तिसरा आहे इनस्क्रिप्ट. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी केलेला, १९९१ साली भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणात आलेला. नाव ऐकून घाबरू नका, रचना बालवाडीतली आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क जिथे, त्याच बटणावर शिफ्ट धरला की ख. ग वर घ, त वर थ, प वर फ, ल वर ळ. बोलतो त्या क्रमाने टाइप करायचं : आधी अक्षर, मग वेलांटी. मशीन अंदाज बांधत नाही. ळ दाबला तर ळच येतो. चूक होईल, पण ती तुमची होईल आणि तुम्हाला दिसेल.

आता 'शेतकऱ्यांचा' हा शब्द घ्या, आमच्या धंद्यात रोज लागतो. इंग्रजीतून लिहिला तर तेरा बटणं, वर यादीतून निवड, आणि तरी कितीदा 'शेतकर्यांचा' असा रफार डोक्यावर चढलेला दिसतो. इनस्क्रिप्टमध्ये अकरा बटणं, दोनदा शिफ्ट. तो आडवा ऱ आपल्या बोलीत तर पदोपदी आहे. 'काय करी ऱ्हायना भो?' हे वाक्य इंग्रजी अक्षरांतून लिहून बघा. मशीनला अहिराणी माहीत नाही, ती तिचं मराठी किंवा हिंदी करून टाकते. जी बोली यंत्राच्या यादीत नाही, ती लिहायची तर प्रत्येक अक्षर हाताशी पाहिजे. अहिराणीला ते पाहिजे, पावरीलाही पाहिजे.

आणखी एक फायदा खास आपल्यासाठी. आपण तीन राज्यांच्या कोपऱ्यावर राहतो. खेतिया ओलांडलं की हिंदी, नवापूरच्या पुढे गुजराती. इनस्क्रिप्टमध्ये गुजरातीचा ક आणि मराठीचा क एकाच बटणावर. एकदा हात बसला की लिपी बदलते, बोट बदलत नाही.

आता जाणकार मंडळी म्हणतील, चांगला कीबोर्ड असून उपयोग काय, लोक सवय सोडत नाहीत. खरं आहे. इंग्रजीचा आजचा कीबोर्ड १८७०च्या दशकातल्या टाइपरायटरचा. १९३६ साली ऑगस्ट ड्वोराक या अमेरिकी प्राध्यापकाने सोयीच्या रचनेचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या चाचणीत ती सरस ठरली. पुढे १९५६ च्या सरकारी चाचणीत म्हणावा तसा फायदा दिसला नाही, आणि सगळ्यांचे हात आधीच बसलेले, म्हणून जुनंच राहिलं. पण हे उदाहरण आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. इंग्रजीत सगळ्यांना एक रचना येत होती, ती मोडायची होती. आपल्याकडे बहुतेकांना मराठीची कुठलीच रचना येत नाही. ज्याने अजून सायकलच शिकली नाही, त्याला डाव्या पॅडलची सवय मोडायची नसते. नव्या पोरांसाठी पाटी कोरी आहे, म्हणून निर्णय आत्ता घ्यायचा.

'बोलून टाइप होतं की आता' असंही ऐकतो. होतं, मीही वापरतो. पण आठवडे बाजारात, सभेत, गर्दीच्या ऑफिसात फोनला आडनाव सांगून बघा. शिवाय पाडवी आणि पडवीतला फरक शेवटी हातानेच दुरुस्त करावा लागतो.

अडचणी आहेत, लपवत नाही. पहिले पंधरा दिवस जीव मेटाकुटीला येतो. बटणांवर इंग्रजीच छापलेलं असतं, स्टिकर लावावे लागतात. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर इनस्क्रिप्टची मजा नाही, तिथे जे जमतं ते चालू द्या. ज्याची परीक्षा रेमिंग्टनवर ठरली आहे, त्याने आधी परीक्षा काढावी. पोट आधी. पण खर्च शून्य आहे : विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा, विंडोज बटण आणि स्पेसबार दाबला की मराठी सुरू. तिथला मराठी कीबोर्ड म्हणजे इनस्क्रिप्टच.

माझं मागणं साधं आहे. क्लासवाल्यांनी नव्या बॅचला इनस्क्रिप्टही शिकवावं, पालकांनी ते विचारावं. कॉलेजांनी त्यासाठी आठवड्याला एक तास काढावा. कार्यालयांनी पत्रकं युनिकोडमध्ये द्यावीत, जुन्या फॉन्टमध्ये नाही आणि कागदाचा फोटो काढून तर नाहीच. आणि दाखले भरणाऱ्या केंद्रांवर छापण्याआधी पडदा अर्जदाराकडे वळवून एकदा विचारावं, 'नाव बरोबर आहे का?' ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावं.

नाव हीच माणसाची पहिली मालमत्ता. सातबारा नंतर येतो.