पुराचा आकडा मोबाईलवर येतो, पण गोठ्यात पाणी कधी शिरणार ते कोण सांगणार?

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा काठच्या गावांची नजर दोन ठिकाणी असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. हे आकडे आता व्हॉट्सअॅपवर सारखे फिरत असतात. पण आयर्विनला 45 फूट झाले म्हणजे आपल्या गावातली कुठली गल्ली बुडणार, हे त्यातून कळत नाही. मग माणूस जनावरं सोडायची कधी, याचा अंदाजच बांधत बसतो.

उशीर केला की काय होतं, ते 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळनं पाहिलं. गावाला पाण्याचा वेढा पडल्यावर बाहेर पडताना बोट उलटली, माणसं गेली.

आधी लाईट जाते, मग रेंज

2019 ला आयर्विनजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला राजाराम बंधाऱ्यावर 56 फुटांवर. अशा पुरात वीज उपकेंद्रात पाणी शिरतं, लाईट बंद करावी लागते. मोबाईल टॉवर बॅटरीवर काही तास चालतो. पुढं डिझेल लागतं, पण रस्ताच पाण्याखाली असतो. 2019 ला कोल्हापूर शहराची शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रंही बुडाली. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर, अशी गत झाली.

2023 पासून सरकारनं मोबाईलवर मोठ्या आवाजात येणाऱ्या इशारा संदेशाच्या चाचण्या घेतल्या. नेट नसलं तरी तो संदेश येतो, पण टॉवर चालू पाहिजे. म्हणजे ज्या तारेवरून निरोप यायचा, ती तारच पुरात आधी तुटते.

गावानं काय मागावं?

खर्चाची कामं सरकारची आहेत. पूररेषेतली उपकेंद्रं आणि उपसा पंप उंचावर घेणं, टॉवरला पावसाळ्याआधी डिझेलचा साठा देणं. पण एक काम गाव स्वतः करू शकतं. 2005, 2019, 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, ते जुन्या माणसांना पाठ आहे. शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर त्या खुणा रंगवाव्यात. शेजारी त्या वेळचा पुलावरचा आकडा लिहावा. यंदा आकडा आला की कोणी कधी निघायचं, ते भिंतीवरच वाचता येईल. लाईट गेली तरी भिंत वाचता येते. सोबत स्पीकरला बॅटरी आणि दवंडीची तयारी असली, म्हणजे निरोप शेवटच्या घरापर्यंत जाईल.

ग्रामसभेत हा विषय मे महिन्यातच निघाला पाहिजे. पाणी पायरीला लागल्यावर काढून उपयोग नाही.