बॅटरीचा भडका कोणाच्या अंगावर?

लिथियम-आयन बॅटरी मोबाईलपासून दुचाकीपर्यंत पोहोचली. पण तिच्या पोटातले द्रावण पेट घेणारे आहे. बॅटरी विकत घेणारा एक आणि ती निकामी झाल्यावर भंगारात फोडणारा दुसरा! हा दुसरा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. म्हणूनच पाण्यावर चालणाऱ्या लिथियम बॅटरीचा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा आहे, असे आम्ही मानत नाही.

पाणी पेटत नाही, मग ते वापरत का नाहीत? कारण १.२३ व्होल्टच्या पुढे पाणी फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन वायू सुटू लागतात. १९९४ साली जेफ डान यांच्या गटाने अशी बॅटरी करून दाखविली. परंतु तिची ताकद कमी आणि आयुष्य अल्प होते. २०१५ साली मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने पाण्याहून कितीतरी अधिक वजनाचा लिथियम क्षार त्यात विरघळवून ही मर्यादा सुमारे ३ व्होल्टपर्यंत नेली. पण तो क्षार महाग! २०२० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी औषधांत वापरले जाणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळले, तर २०२२ साली शेतकऱ्याच्या परिचयाचा युरियाही या द्रावणात आला. अशी मिश्रणे पाण्याचे रेणू जखडून ठेवतात किंवा विद्युतअग्रावर संरक्षक पापुद्रा धरतात. त्यामुळे थोड्या क्षारात काम भागते आणि बॅटरी टिकते.

आजही ही बॅटरी वजनाच्या मानाने कमी वीज साठवते. ती मोबाईलमध्ये बसणार नाही. पण वस्तीतल्या दवाखान्यात, शाळेत, सौरऊर्जेच्या साठवणीत वजनाची अडचण कसली?

केंद्र सरकारने २०२१ साली बॅटरी उत्पादकांसाठी १८,१०० कोटींची योजना मंजूर केली. तिचे मोजमाप ऊर्जेची घनता व बॅटरीचे आयुष्य यांवर ठेवले. कामगाराच्या आयुष्याचे मोजमाप कोण करणार? संविधानाचे कलम २१ जगण्याचा हक्क देते. तो भंगार गोळा करणाऱ्यालाही आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते आणि विजेचे धोरण दोन्ही बाबासाहेबांच्या हाती होते. वीज आणि श्रमिक यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे, हा त्यातला धडा आहे.

न पेटणाऱ्या बॅटरीच्या संशोधनाला सरकारी निधी द्या आणि सरकारी खरेदीत सुरक्षिततेला गुण द्या, ही आमची मागणी आहे. स्वस्त बॅटरीची किंमत आमच्या माणसांनी भाजलेल्या हातांनी का मोजायची?