विषशास्त्र शवागारातून बाहेर कधी येणार?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस मुठीत यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बाया, पुरुष, शाळा-कॉलेजात जाणारी पोरे, कोणीच सुटले नाही. जानेवारी २०२५ मध्ये बातमी फुटली तेव्हा या आजाराला 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकण्यात आले. विषाणूचा पत्ता नव्हता, नाव मात्र तयार होते. पाहता पाहता १८ गावांतील २७९ माणसे बाधित झाली. लाजेपोटी कोणी डोक्याचा गोटा केला, कोणी रुमाल बांधून फिरू लागले. मुलींचे कॉलेज सुटले, जुळत आलेली लग्ने मोडली. देशभर या माणसांचे फोटो फिरले आणि लोक हसले. परंतु या प्रकरणात हसण्यासारखे काहीच नाही, विचार करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

सुरुवातीला आरोग्य खात्याने बुरशीचा संशय घेतला. मग पाण्याकडे बोट दाखवले गेले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाण पट्टा. येथील पाण्यात नायट्रेट आणि क्षार मर्यादेपेक्षा जास्त निघाले, यात नवल नव्हते. पण हे खारे पाणी येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या पीत आला आहे. त्याने किडन्या खराब होतात हे संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील घराघराला ठाऊक आहे. मग केस याच वर्षी का गळावेत? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रक्त, पाणी, माती यांचे नमुने घेऊन गेले. गाव वाट पाहत बसले.

उत्तर आले ते महाडहून. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव महाराष्ट्राला विंचूदंशावरील उपचारासाठी ठाऊक आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी शेगाव तालुक्यातील गावे गाठली, केस, रक्त, लघवी आणि घरातल्या गव्हाचे नमुने घेतले आणि खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. खर्च सुमारे ९२ हजार रुपये आला, तो त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. बाधितांच्या शरीरात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर वाढले होते: रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. आणि ते आले होते रेशनच्या गव्हातून. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम सापडले. स्थानिक गव्हाच्या तुलनेत ते सुमारे ६०० पट होते. गहू धुतल्यावरही ते फारसे कमी झाले नाही. म्हणजे दोष वरच्या धुळीचा नव्हता, दाण्याच्या आतला होता. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असे त्यांनी सांगितले.

सेलेनियम म्हणजे काही उंदराचे औषध नव्हे. शरीराला ते लागतेच, पण अगदी कणभर. चीनमध्ये केशान परगण्यात ते मातीत कमी पडले म्हणून माणसांची हृदये निकामी झाली. त्याच चीनमध्ये एन्शी भागात १९६० च्या दशकात ते जास्त झाले म्हणून लोकांचे केस आणि नखे गळाली. औषधशास्त्राचा पहिला धडा हाच आहे: औषध आणि विष यांच्यात फरक असतो तो मात्रेचा. आपला अडाणी म्हणवला जाणारा माणूसही 'अति तेथे माती' म्हणतो. आता साधा हिशेब करू. प्रौढ माणसाने दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम घेऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी घातली आहे. डॉ. बावस्करांनी तपासला तसला गहू दिवसाला फक्त २०० ग्रॅम खाल्ला तरी सुमारे २,९०० मायक्रोग्रॅम पोटात जाते. सात पटीहून जास्त! श्रीमंताच्या ताटात भाजी, फळे, दूध असते, गव्हाचे ब्रँड बदलत असतात. मजुराच्या ताटात सकाळ-संध्याकाळ एकच पोळी आणि ती एकाच पोत्यातली. जेवण जितके गरिबाचे, तितकी मात्रा मोठी.

पंजाबच्या मातीतील सेलेनियम ही काही काल कळलेली गोष्ट नाही. शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर आणि नवांशहर जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीत सेलेनियम जास्त आहे. तेथील जनावरांची खुरे-शिंगे झडतात, माणसांचे केस-नखे जातात, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून अभ्यासून छापलेले आहे. शेगावला आलेले पोते नेमके त्याच शिवारातले होते असा माझा दावा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. विद्यापीठाला जे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे, ते धान्य खरेदी करणाऱ्या यंत्रणेच्या कसोटीत का उतरले नाही?

ही कसोटी काय आहे ते पाहा. अन्न महामंडळ गहू विकत घेताना काडीकचरा किती, इतर धान्य किती, खराब दाणे किती, आकसलेले आणि तुटके दाणे किती, कीड किती, ओलावा किती, एवढे मोजते. काडीकचरा ०.७५ टक्क्याच्या वर नको, ओलावा साधारण १२ टक्के. चाळणी, वजनकाटा आणि ओलावा मोजायचे यंत्र एवढ्यावर ही तपासणी भागते. सेलेनियम चाळणीत अडकत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम २ मध्ये 'अन्नधान्य' या शब्दाच्या व्याख्येतच म्हटले आहे की ते केंद्र सरकारने ठरवलेल्या गुणवत्तेच्या निकषांना उतरलेले असावे. म्हणजे माणशी पाच किलो हा जसा हक्क आहे, तसाच ते पाच किलो खाण्यालायक असणे हाही हक्क आहे. धान्य फुकट मिळते म्हणून तोंड बंद ठेवा, असे कोणी सांगत असेल तर त्याला हे कलम दाखवावे. फुकट म्हणजे भीक नव्हे. तो कायद्याने दिलेला वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या देशात विषशास्त्र शिकवले जाते ते कोठे? वैद्यकीय महाविद्यालयात ते औषधशास्त्राच्या विभागात नाही. ते 'न्यायवैद्यकशास्त्र व विषशास्त्र' या जोडविषयात, म्हणजे शवविच्छेदनाच्या टेबलाशेजारी बसवलेले आहे. फौजदारी न्यायालयात काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाला याचा अनुभव आहे. माणूस मेला की त्याचा व्हिसेरा बरणीत भरून अमरावती किंवा नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ खाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली तो अहवाल पुराव्यात वाचला जातो. मेलेल्याच्या पोटात काय होते हे सांगणारी यंत्रणा राज्याच्या गृहखात्याने उभी केली आहे. जिवंत माणसाच्या ताटात काय आहे हे सांगणारी तशी यंत्रणा मात्र जिल्ह्यात नाही. आमच्याकडे विष आठवते ते खून किंवा आत्महत्या झाल्यावर. हळूहळू, रोजच्या घासाघासाने भिनणारे विष कोणाच्याच खात्यात बसत नाही.

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीत तरी काय आहे? चिखलीच्या अनुराधा महाविद्यालयापासून जिल्ह्यात बी.फार्म.ची सोय आहे आणि आपल्या समाजातील मुले-मुली तेथे शिकतात. तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रातील औषधशास्त्राच्या पेपरात शेवटच्या घटकात विषशास्त्राची तत्त्वे येतात. झोपेची औषधे, मॉर्फीन, ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके, शिसे, पारा आणि आर्सेनिक यांची विषबाधा, एवढी यादी. त्यात सेलेनियमचे नाव नाही. मुलगा परीक्षेपुरते पाठ करतो, पास होतो आणि औषधांच्या कंपनीत किंवा मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो. त्याच्याच गावच्या हापशाचे पाणी, त्याच्याच आईच्या रेशनचा गहू, त्याच्याच बापाच्या पाठीवरचा फवारणीचा पंप हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

याची किंमत विदर्भाने आधीही मोजली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ऑर्गॅनोफॉस्फरसची बाधा रक्तातील कोलिनेस्टेरेज मोजून ओळखता येते. ही तपासणी पुस्तकात आहे, परीक्षेत विचारली जाते. पण ज्या जिल्ह्यात दर खरिपात फवारणी होते, त्या यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ती सोय तेव्हा नव्हती. मेलेल्यांच्या व्हिसेऱ्याची सोय मात्र होती.

म्हणजे हे शास्त्र गरिबाच्या कामाचेच नाही काय? तसे मुळीच नाही. कोकणात विंचू चावून माणसे पटापट मरत होती तेव्हा याच डॉ. बावस्करांनी महाडच्या परिसरात रुग्णाच्या उशाशी बसून विषाचा हृदयावरील परिणाम टिपला. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यावर लागू पडते हे दाखवले. ते काम 'लॅन्सेट'सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले आणि हजारोंचे प्राण वाचले. त्यासाठी काचेची इमारत लागली नाही. ज्या महाडमध्ये १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला, त्याच गावात बसून एका डॉक्टरने गरिबाच्या शरीरातील विषाचा शोध घेतला. परंतु एका माणसाच्या खिशातील ९२ हजारांवर जनतेचे आरोग्य किती दिवस चालणार? विद्यापीठे आणि खाती कशासाठी आहेत?

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलडाण्यात १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि दोनच महिन्यांत शेगाव तालुक्यात केस गळू लागले. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव हे केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असतानाच हे घडले. तरीही एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतील लोकांची नखे गळू लागली, तेव्हा आधी नेलेल्या नमुन्यांचा अहवाल गावकऱ्यांच्या हाती नव्हता. रक्त कोणाचे? गावकऱ्यांचे. मग अहवाल कोणाचा? माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ७ सांगते की माणसाच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. स्वतःच्या रक्तात काय सापडले, याहून जीविताशी संबंधित दुसरी माहिती कोणती असू शकते?

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, बुलडाण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र आणि विषशास्त्र या दोन्ही विभागांची मिळून जिवंत माणसांसाठी प्रयोगशाळा उभी करावी. धान्य, पाणी आणि रक्तातील धातू तेथे मोजता आले पाहिजेत. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तर विदर्भाच्या कापूसपट्ट्यात तसे का नसावे? दुसरी, रेशनच्या धान्याचा प्रत्येक साठा कोणत्या राज्यातून, कोणत्या केंद्रावरून आला याची नोंद दुकानाच्या फलकावर मराठीत लागावी आणि जड धातू व सेलेनियमची तपासणी वाटपाआधी व्हावी. तिसरी, बी.फार्म. आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना खारपाण पट्ट्यातील पाणी, रेशनचा गहू आणि फवारणी करणाऱ्या मजुरांचे रक्त यांवर प्रकल्प सक्तीचे करावेत. चौथी, बाधितांच्या उपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च सरकारने द्यावा.

या मागण्या कोणी आपणहून मान्य करणार नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, कलम १६ खाली राज्य अन्न आयोग आहे, कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षण आहे, कलम २९ मध्ये दक्षता समिती आहे. आपल्या गावच्या दक्षता समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे किती जणांना ठाऊक आहे? ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. धान्याबद्दल शंका आली तर दुकानदाराशी भांडत बसू नका, तो फक्त माप घालतो. मूठभर गहू स्वच्छ पिशवीत घाला, तारीख टाका, पंचांच्या सह्या घ्या आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पुरावा आपल्या हातात असला पाहिजे.

आणि जी मुले-मुली आज औषधशास्त्र शिकत आहेत, त्यांच्या आईबापांना एक सांगणे आहे. पोराने कंपनीत नोकरी करावी, यात गैर काही नाही. पण त्यांच्यातील दोन-चार तरी विषशास्त्राकडे वळले पाहिजेत. न्यायालयात आपली बाजू मांडायला आपले वकील उभे राहिले तेव्हा फरक पडला. तसेच आपल्या ताटातील घास तपासायला प्रयोगशाळेत आपली मुले उभी राहतील तेव्हा फरक पडेल. बोंडगावच्या पोरीचे केस परत येतील, पण तिचे बुडालेले वर्ष परत येणार नाही. पुढचे पोते गावात उतरण्याआधी ते कोणी तपासले आहे काय, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.