थेंबाचा हिशेब

व्यापारी कुटुंबाच्या घरात मागल्या पडवीत, जिन्याखाली किंवा गच्चीवरील खोलीत बहुधा एखादा छोटासा कारखाना थाटलेला असतो. भिंतीलगत भक्कम टेबल, त्यावर व्हाइस, पेटीत पान्हे, कानशी, करवत. एका बाजूस गृहिणीचे शिवणयंत्र, तर कोठे हौसेने घेतलेले लहानसे लेथ. यांतील प्रत्येक वस्तू चार दुकाने फिरून, पारखून आणलेली असते. तेलाच्या कुपीच्या वाट्याला मात्र ही पारख येत नाही. औषधाची रिकामी बाटली, झाकणास खिळ्याने पाडलेले भोक आणि खालच्या फळीवर उमटलेले चिकट वर्तुळ, एवढ्यावर तिची बोळवण होते. हजारो रुपयांच्या यंत्राचे आयुष्य ज्या थेंबावर अवलंबून, तो थेंब देणारे साधनच घरात सर्वांत हलक्या प्रतीचे असते. जमाखर्च जाणणाऱ्या घरात हा व्यवहार शोभत नाही.

वंगणाची महती महाराष्ट्राला नवी नाही. बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. आसाला वंगण घातल्यावाचून गाडीवान दूरच्या पल्ल्यास निघत नसे. गाडी कुरकुरत वेशीत शिरली, की तिच्या धन्याची हयगय साऱ्या गावास ऐकू येई. पुढे वाफेची इंजिने आली आणि हेच काम शतपटीने वाढले. आगगाडी थांबवून, हातात लांब चोचीची कुपी घेऊन, माणसे एकेका सांध्यात तेल सोडीत. अमेरिकेत मिशिगन सेंट्रल रेल्वेवर एलायजा मॅकॉय हा कृष्णवर्णीय तरुण असेच काम करीत असे. त्याचे आईवडील केंटकीतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आले होते. स्कॉटलंडमध्ये यंत्रविद्येचे शिक्षण घेऊनही वर्णामुळे त्यास इंजिनात कोळसा टाकण्याचे व तेल घालण्याचेच काम मिळाले. त्याच कामातून त्याला धावत्या इंजिनास आपोआप तेल पुरविणारे साधन सुचले आणि १८७२ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. तेल घालणे हे हलके काम मानले गेले, तरी यंत्राचे मर्म त्या कामातच उमगते, याची ही साक्ष होय.

कुप्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला बुडाच्या कुपीचा. शंकूच्या आकाराचे भांडे, निमुळती चोच आणि लवचिक पोलादी पत्र्याचे बूड अशी तिची घडण. अंगठ्याने बूड दाबले, की आतील जागा आकसून थेंब बाहेर पडतो. अंगठा उचलताच बूड ‘टक्’ आवाज करून पूर्ववत होते आणि चोचीतूनच हवा आत शिरते. चोच खाली वळविली तरच ही कुपी काम करते. शिवणयंत्र, बिजागऱ्या व कुलपे यांस ती पुरेशी आहे.

दुसरा प्रकार पंपाचा. खटका दाबला, की आतील दट्ट्या बुडापर्यंत गेलेल्या नळीतून तेल ओढून चोचीकडे ढकलतो आणि झडप ते मागे फिरू देत नाही. प्रत्येक दाबास जवळजवळ सारखेच तेल मिळते, शिवाय कुपी पालथी करावी लागत नाही. लेथ, ड्रिल आणि अडचणीच्या जागेतील बेअरिंग यांसाठी हाच प्रकार योग्य. तिसरा प्रकार इंजिनाच्या मोठ्या, लांब चोचीच्या कुपीचा. इंग्लंडमध्ये लीड्स येथील के कंपनीच्या अशा कुप्या रेल्वेत प्रसिद्ध होत्या. घरी तिचे काम क्वचितच पडते. संग्रहाची शोभा मात्र तिच्यामुळे वाढते.

संग्राहकांत काही नावांचा विशेष लौकिक आहे. जर्मनीची प्रेसॉल व रायलांग, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील ईगल आणि नेब्रास्कातील हेस्टिंग्ज येथील गोल्डनरॉड ही त्यांपैकी प्रमुख. परंतु नाव पाहून निर्णय करण्यापेक्षा हातात घेऊन पारखणे श्रेयस्कर. पत्रा बोटाच्या दाबाने दबता कामा नये. बुडाचा सांधा सलग असावा. चोचीचे आटे खोल असावेत, कारण बहुतेक कुप्या तेथूनच पाझरतात. चोचीचे टोक गोल व अखंड असावे. ते चेपलेले असल्यास थेंबाऐवजी ओघळ येतो. पंपाची कुपी घेताना सुटे वॉशर मिळतात किंवा नाही, याची विचारणा अगोदर करावी.

यानंतर घरची परीक्षा. कुपी निम्मी भरून पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवावी. सकाळी कागदावर डाग दिसल्यास ती दुकानदारास परत करावी. दुसऱ्या परीक्षेत हलका दाब देऊन एकच थेंब पाडून पाहावा. चांगली कुपी एक मागितल्यास एकच देते. हलकी कुपी प्रथम काहीच देत नाही आणि मग एकदम चमचाभर ओतते. ते जादा तेल धूळ धरते, त्या धुळीचा लेप बनतो आणि तोच लेप कानशीसारखा सांधा झिजवितो. स्वस्त कुपीची खरी किंमत अशा रीतीने यंत्राच्या खात्यावर पडते.

नव्या मालासाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहे. जुन्या कुप्या मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात सापडतात. जुनी कुपी घेताना बुडास तडा नाही ना, हे उजेडात निरखावे. आतील वाळलेले तेल रॉकेलात भिजवून सैल करावे. पूर्वी पेट्रोल वा रॉकेल ठेवलेल्या कुपीस डाख देण्यासाठी ज्योत कदापि लावू नये. आत कोंडलेल्या वाफेचा स्फोट होतो. जुन्या डाखात शिसे असते, म्हणून अशी कुपी कितीही सुबक असली तरी स्वयंपाकघरात नेऊ नये. मूळ रंग व कारखान्याचा ठसा घासून काढू नये. संग्राहकाच्या दृष्टीने तेच तिचे मोल असते.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या पंपांतील दट्ट्यावर पुष्कळदा चामड्याची वाटी असते. तिच्या जागी त्याच मापाची नायट्राइल रबराची वाटी बसविता येते. साधे नैसर्गिक रबर मात्र खनिज तेलात फुगते, म्हणून दुकानात नायट्राइल असेच मागावे. दुसरी गोष्ट तेलाची. एके काळी शिवणयंत्रे व घड्याळे यांसाठी स्पर्म देवमाशाचे तेल वापरीत. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडर तेलात प्राण्यांची चरबी मिसळीत आणि तशी तेले आजही मिळतात. याउलट शिवणयंत्राचे आजचे साधे तेल खनिज असते, तर प्रचलित लिथियम ग्रीसमधील साबण बहुतांशी एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो. शंका असल्यास डब्यावरील मजकूर वाचावा व विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

खाद्यतेल यंत्रास घालण्याची सवय अनेक घरांत आढळते. ती मोडली पाहिजे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे हिवाळ्याच्या सकाळी शिवणयंत्र जड फिरते. करडई व अळशी यांची तेले हवेत सुकून डिंकासारखी चिकट होतात. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास आपोआप तापून पेटू शकतात, हेही सुतारकामाची हौस असणाऱ्यांनी विसरू नये. फवाऱ्याच्या डब्यावर सर्वस्वी विसंबणेही बरे नव्हे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली सॅन डिएगो येथे निघाले ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. गंजलेला स्क्रू सोडविण्यास ते उपयोगी आहे. बेअरिंगचे कायमचे वंगण म्हणून ते पुरे पडत नाही.

तेलाच्या डब्यावर व्हीजी ही अक्षरे व एक आकडा असतो. ४० अंश तापमानास तेल किती दाट आहे, हे तो आकडा सांगतो. आकडा लहान तितके तेल पातळ. शिवणयंत्रास पातळ तेल लागते, तर लेथच्या सरकमार्गास सर्वसाधारणपणे ६८ क्रमांकाचे दाट तेल वापरतात. यंत्रासोबत आलेली पुस्तिका याबाबतीत अखेरचा शब्द मानावी. आणि दुकानातील दांडीच्या तराजूस तर तेल मुळीच लावू नये. त्याची धार कोरडी व स्वच्छ राहिली, तरच वजन खरे उतरते. तेल कोठे घालावे याइतकेच ते कोठे घालू नये, हे ज्ञानही मोलाचे आहे.

मग घरी कुप्या तरी किती असाव्यात? पातळ तेलाची बुडाची कुपी एक, लेथ अथवा ड्रिल असल्यास दाट तेलाची पंपाची कुपी एक, आणि कापताना धातूवर सोडावयाच्या तेलाची निराळी एक. तीन कुप्यांत घरचे सारे काम भागते. एका कुपीत दोन तेले कधीही मिसळू नयेत. प्रत्येकीच्या अंगावर तेलाचे नाव व भरल्याची तारीख लिहावी, खाली पत्र्याची ताटली ठेवावी, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर त्या मांडाव्यात.

याहून अधिक कुप्या ज्यास जमवावयाच्या असतील, त्याने हौस अवश्य करावी. परंतु संग्रह व साठा यांतील भेद ओळखावा. जी कुपी आजही एक स्वच्छ थेंब देते, जिचा प्रकार, देश व काळ धन्यास सांगता येतो, ती संग्रहातील वस्तू. जी केवळ स्वस्त मिळाली म्हणून आणली आणि गळते म्हणून कोपऱ्यात पडली, तो साठा. आजोबांच्या पेटीतील काळवंडलेली कुपी भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा रॉकेलाने धुऊन, बूड दाबून पाहावे. ‘टक्’ असा आवाज आला, तर ती अजून कामाची आहे. वर्षअखेरीस दुकानातील मालाची मोजदाद होते, त्याच दिवशी या फळीकडेही एक नजर टाकावी: कोणती कुपी पाझरते, कोणते तेल जुने झाले, कोणता वॉशर बदलावयास हवा. घटकाभराच्या या कामाने यंत्रे वर्षभर निमूट चालतात, आणि पुढील पिढीच्या हाती चालू स्थितीतील हत्यारे पडतात.