रविवारचे वाचन, सोमवारची वही

आमच्या दहिसरमध्ये ख्रिस्ती घरांतली रविवारची सकाळ देवळाच्या घंटेने सुरू होते. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, हे आपल्या कॉलेजातल्या कित्येक मित्रांना ठाऊक नसते.) ठेवणीतले कपडे अंगावर चढतात, माणसे मिस्साला जातात, तासाभराने बाहेर येतात, फाटकापाशी चार शब्द बोलतात आणि मटण-पाव घेऊन घरी परततात. त्या तासाभरात पवित्र शास्त्रातले तीन उतारे मोठ्याने वाचले जातात. दुपारी जेवताना "आज काय वाचले?" असा प्रश्न कोणी टाकलाच, तर आमच्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय! मी स्वतः देवळात वाचन करणाऱ्यांपैकी एक आहे. तेव्हा हा लेख इतरांना दोष देण्यासाठी नाही. दोष द्यायचाच झाला, तर तो आधी मलाच द्यावा लागेल.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. रविवारच्या मिस्सात पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून असते, मग स्तोत्र, त्यानंतर प्रेषितांच्या पत्रांतून दुसरे वाचन आणि शेवटी शुभवर्तमान. कोणता उतारा केव्हा वाचायचा हे धर्मगुरू आपल्या मर्जीने ठरवीत नाहीत. तो क्रम सर्वांसाठी आखून दिलेला असतो. पूर्वी हे सारे लॅटिनमध्ये चाले. माझी आजी सांगते की, तिच्या लहानपणी फादर पुढे लॅटिन म्हणत आणि बाया मागे बाकांवर बसून रोझरीचे मणी ओढीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. १९६९ साली वाचनांची नवी मांडणी आली. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, असे हे तीन वर्षांचे चक्र आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली वर्षातला एक रविवार खास देवशब्दासाठी नेमून दिला.

मराठीपुरते बोलायचे, तर शास्त्र लोकांच्या भाषेत सांगण्याची धडपड चारशे वर्षांची आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि साहित्य अकादमीने त्या कामाचा गौरव केला. म्हणजे 'आम्हाला समजत नाही' ही सबब आता उरलेली नाही. शब्द कानांपर्यंत आला आहे. अडला आहे तो कान आणि हात यांच्या मधल्या वाटेवर.

ही अडचण आजची नव्हे. दहिसर नदीच्या पलीकडे मंडपेश्वरची लेणी आहेत. शिवाच्या त्या लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चर्च केले. आज तेथे नटराजाचे शिल्प पाहायला मिळते आणि दगडात कोरलेला क्रूसही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ते धर्मगुरू वाचीत नसतील काय? वाचीत असणारच. तरीही शेजाऱ्याचे देवालय घेताना ती आज्ञा आड आली नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी तेथे जातो, तेव्हा हा प्रश्न मनात येतोच. पण चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना जाब विचारणे सोपे असते. माझी पाळी २९ सप्टेंबर २०२४ रोजी आली.

त्या रविवारी दुसरे वाचन माझ्याकडे होते. याकोबाच्या पत्रातला उतारा. श्रीमंतांना उद्देशून त्यात सांगितले आहे की, ज्या मजुरांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती आरोळी देवाच्या कानांवर गेली आहे. मी शनिवारी आरशासमोर उभा राहून तो उतारा चार वेळा वाचला होता. उच्चार नीट झाले, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. मिस्सानंतर दोघांनी "छान वाचलेस" म्हणून पाठही थोपटली.

माझे पप्पा रंगकामाची आणि दुरुस्तीची लहानसहान कंत्राटे घेतात. माणसे नाक्यावरून आणतात. सकाळी सात-साडेसातला आपल्याकडच्या कोणत्याही मजूर नाक्यावर जा. ब्रश, थापी, घमेले घेऊन उभी असलेली बायामाणसे दिसतील. कोणी मराठवाड्यातून आलेला असतो, कोणी उत्तर प्रदेशातून. पप्पांचा हिशेब मी ठेवतो. त्या दुपारी जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे वही उघडली. तीन नावांपुढे 'बाकी – ५ रोज' असे लिहिलेले होते. ही बाकी विसरून राहिलेली नव्हती. माणूस काम अर्धे टाकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून थोडे पैसे हाताशी ठेवायचे, ही या धंद्यातली सर्रास रीत आहे. काम तर गणपतीपूर्वीच पुरे झाले होते. देवळात ते वाचन वाचणारा आवाज माझा होता आणि वहीतले अक्षरही माझेच होते. इतके महिने ते लिहिताना मला काहीच कसे वाटले नाही?

मी पप्पांना म्हटले, "पप्पा, तुम्ही आज वाचन ऐकलेत ना?" त्यांना रोख कळला. ते म्हणाले, "देऊळ वेगळे, धंदा वेगळा. सोसायटीने माझे बिल दोन महिने अडकवले आहे, ते कुणाला सांगू? त्या कमिटीतली दोन माणसे आज आपल्या पुढच्याच बाकावर होती." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वरच्याने अडवले म्हणून मधला अडवतो आणि शेवटी भार येतो तो नाक्यावर उभ्या असलेल्यावर. परंतु त्याच्या खाली अडवायला कोणीच नसते. तो फक्त उपाशी राहू शकतो.

आमचे बोलणे वाढले. आईने मध्यस्थी केली. दोन दिवस घरात फारसे कोणी बोलले नाही. बुधवारी पप्पांनी दोघांचे पैसे नाक्यावर जाऊन दिले. तिसरा गावी निघून गेला होता. त्याचा फोन लागत नव्हता, आजही लागत नाही. त्याच्या पाच रोजांचे पाकीट आमच्या घरी मरियामातेच्या तसबिरीमागे ठेवलेले आहे. त्याने त्या पैशांविना सणाचे दिवस कसे काढले असतील, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

या प्रसंगानंतर मी वाचनांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो, आणि थक्क झालो. द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळपर्यंत बाजारात उभ्या असलेल्या माणसांना विचारतो की, तुम्ही रिकामे का उभे आहात. ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. हा तर आपला नाकाच झाला! आमोस संदेष्टा अशा व्यापाऱ्यांना फटकारतो, ज्यांना शब्बाथ केव्हा संपतो आणि खोट्या मापाने धान्य केव्हा विकतो असे झालेले असते. निर्गमाच्या ग्रंथात परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा आहे. कारण तुम्हीही एकदा परके होता. मुंबईत परप्रांतीयांविषयी चहाच्या टपरीवर जे बोलले जाते, त्यात आम्ही ख्रिस्ती तरुण मागे असतो असे नाही. ही सारी वाचने रविवारचीच आहेत आणि तीन वर्षांच्या चक्रात ती पुन्हा पुन्हा येत राहतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, अशाने देऊळ म्हणजे समाजकार्याची कचेरी होईल. माणूस तेथे शांतीसाठी जातो, हिशेबासाठी नव्हे. मला हा आक्षेप पटत नाही. वाचनानंतर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात, तेव्हाच्या प्रार्थनेत त्यांना पृथ्वीचे आणि माणसाच्या श्रमाचे फळ म्हटले जाते. ज्या श्रमाचे दाम आपण दिले नाही, तो श्रम देवाला अर्पण करायचा अधिकार आपल्याला कोठून आला? शांती हवीच, पण ती दुसऱ्याच्या अडवलेल्या पैशांवर बसून मिळायची नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शास्त्र असे रोजच्या व्यवहाराला लावू गेले की, ज्याला-त्याला ते शेजाऱ्यासाठीच लिहिलेले वाटू लागते. कमिटीतल्या माणसांना वाटेल, हे वाचन कंत्राटदारासाठी आहे; कंत्राटदाराला वाटेल, ते कमिटीसाठी आहे. हा धोका खरा आहे, आणि मीही त्या दुपारी पप्पांवरच आधी बोट रोखले होते. यावर उपाय एकच. वाचन ऐकताना 'हे कोणाला लागू पडते?' असे न विचारता 'माझ्या वहीत काय लिहिले आहे?' असे विचारावे. विद्यार्थ्याची वही निराळी, नोकरदाराची निराळी, गृहिणीची निराळी. घरकामाला येणाऱ्या बाईचे खाडे कोण कापते, उसनी आणलेली नोट्स कोण परत करत नाही, कॅन्टीनच्या पोऱ्याला कोण 'ए' म्हणून हाक मारते, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

प्रवचनावर सारा भार टाकूनही चालणार नाही. फादरना दहा मिनिटे मिळतात आणि आमच्या वह्या त्यांना दिसत नाहीत. शनिवारी रात्री जेवणानंतर पाच मिनिटे घरात दुसऱ्या दिवसाचे वाचन आपल्या बोलीत वाचावे आणि सोमवारी त्यातले एक काम करावे. एकच, पण करावे. आमच्या घरी आता हे सुरू आहे. कधी राहून जाते, कधी पप्पा जांभया देतात. परंतु वहीत 'बाकी' हा शब्द लिहिण्यापूर्वी आता माझा हात थांबतो आणि पप्पाही कारण विचारले तर चिडत नाहीत.

वाचकहो, हा प्रश्न केवळ आम्हा ख्रिस्ती लोकांचा आहे, असे मला वाटत नाही. कोणी घरी पोथी वाचतो, कोणी हरिपाठ म्हणतो. आणि २६ नोव्हेंबरला आपण सर्व जण संविधानाची उद्देशिका एका सुरात वाचतो. त्यात न्याय हा शब्द आहे, समानता आहे, बंधुता आहे. दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, आपण काय करतो? शब्द पवित्र आहे की नाही, यावर आपले मतभेद असतील. पण मोठ्याने वाचलेला शब्द वाचणाऱ्याला बांधून ठेवतो, एवढे तरी आपण मान्य करू या.