जुनी गाडी, नवे काळीज

१९ मे २०१८ ची संध्याकाळ. राजपुत्र हॅरी आणि मेगन हे नवे जोडपे विंडसर किल्ल्यातून मेजवानीला निघाले, ते उघड्या टपाच्या निळसर मोटारीतून. गाडी १९६८ ची, जॅग्वार ई-टाइप; पण ना धूर, ना घरघर! जुने सहा सिलिंडरांचे इंजिन उतरवून कारखान्याच्याच लोकांनी तिला विजेची मोटर बसविली होती. चालकापुढच्या फळीवरही काट्यांच्या तबकड्यांऐवजी आधुनिक पडदा!

"मग ती जुनी कसली?" असे शौकीन विचारतात. त्यांची जागतिक संघटना 'फिवा' असल्या बदलाचा पुरस्कार करीत नाही. केलाच, तर मूळ भाग खुणा करून जपून ठेवा, म्हणजे गाडी पूर्ववत करता येईल, असे ती बजावते. जॅग्वारनेही बॅटरीचे माप जुन्या इंजिनाएवढेच ठेवले. सांगाड्याला हात लावला नाही.

आम्हांला वाटते, खरी गोम इथेच आहे. आजीची पैठणी नातीने जरूर नेसावी, हवा तर नवा फॉल लावावा. पण कात्री उचलताना हात थांबावा. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. कापलेला पदर परत येत नाही!